सोळा वचनं आणि दीड तास – मठात शुभवर्तमान नक्की वाचतात तरी कसं?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागे एका ट्रॅपिस्ट (बरंचसं मौन पाळणारे कॅथलिक संन्यासी) मठाच्या अतिथीगृहात आठ दिवस राहून आलो. सव्वातीनला घंटा, साडेतीनला रात्रीची प्रार्थना, ती पाऊण-एक तास चालते, आणि ती संपली की पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत जवळजवळ दीड तास कार्यक्रम असा काहीच नाही. सगळे मठवासी त्या दिवसाच्या मिस्साचं (मुख्य उपासनेचं) शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला बायबलचा उतारा, घेऊन आपापल्या जागी बसतात. लेक्शिओ दिव्हिना, म्हणजे पवित्र वाचन, म्हणतात त्याला, एवढं मला वाचून माहीत होतं.

पाहुण्यांचं बघणाऱ्या ब्रदरांनी पहिल्याच संध्याकाळी हातात चिठ्ठी दिली, मत्तय २०, वचनं १ ते १६. द्राक्षमळ्यातले मजूर, म्हणजे तासभर राबलेल्यालाही मालक दिवसभराइतकीच मजुरी देतो ती गोष्ट. म्हणाले, उद्या एवढंच वाचा, दुसरं काही घेऊ नका. वाचलं. तीन मिनिटं लागली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, शेवट तर पाठच. मग वही काढली, मुद्दे लिहिले, देवाची उदारता, मजुरांचा मत्सर, कृपा म्हणजे मजुरी नव्हे वगैरे, वीस मिनिटांत पान भरलं. त्यानंतर तासभर मी नुसता दिव्याकडे बघत बसलो होतो.

समोरच्या कोपऱ्यात ऐंशीच्या घरातले एक ब्रदर बसायचे. मांडीवर पुस्तक उघडं, एक बोट ओळीखाली, ओठ अगदी किंचित हलतायत. मी मुद्दाम लक्ष ठेवलं, दीड तासात त्यांनी पान उलटलं नाही. तिसऱ्या दिवशी अतिथीगृहाच्या ब्रदरांनी माझी भरलेली वही बघितली आणि शांतपणे म्हणाले, उद्या ही खोलीत ठेवून या. मला राग आला खरं सांगायचं तर. अभ्यास करणं चूक आहे का?

तर प्रश्न असा की ते म्हातारे ब्रदर दीड तास काय करत होते? जे आधीच पाठ आहे ते परत वाचताना नक्की काय व्हायला हवं? इथे कोणी मठात राहिलेलं, निदान नेमाने असं वाचणारं असेल तर कृपया लिहा.

तळटीप
छान धागा. याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर १२ व्या शतकातलं आहे. फ्रेंच आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ या कार्थुशियन मठाचा नववा प्रमुख, दुसरा गिगो. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने मठवासीयांची शिडी सांगितली, चार पायऱ्यांची: वाचन, मनन, प्रार्थना, आणि चौथी नुसतं देवासमोर असणं. ही कल्पना त्याला हाताने काम करत असताना सुचली असं तो स्वतःच सांगतो.

त्याचं उदाहरण खाण्याचं आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना केली की चव लागते, आणि चौथी पायरी म्हणजे ती गोडी स्वतःच. नमुना म्हणून तो "जे शुद्ध अंतःकरणाचे ते धन्य" हे मत्तयाचं एकच वाक्य घेतो, त्याला द्राक्ष म्हणतो आणि ते चावत चावत पुढे जातो. एका वाक्यावर! तुमच्याकडे सोळा होती.

तुमची वही म्हणजे त्याच्या हिशेबात घास तोंडात घातला आणि पदार्थाचं नाव लिहून घेतलं असं झालं. रागावू नका हं.

ओसरी
अगदी माझाच प्रश्न विचारलात. +१, वाचतोय.

रानजाई
मी एका बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या मठात अडीच वर्षं होते, नॉव्हिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून. नंतर बाहेर पडले, त्याची कारणं वेगळी, पण त्या पहाटा अजून माझ्याजवळ आहेत म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे गिगोची शिडी खरी असली तरी पहाटे बसताना कोणी "आता मी दुसऱ्या पायरीवर आले" असं मोजत नाही. सुरुवातीला मी मोजायचे आणि त्यातच थकायचे. आमच्या नॉव्हिस मिस्ट्रेस म्हणाल्या, तू मोठ्याने वाच. मला वाटलं चेष्टा करतायत, एवढ्या शांततेत मोठ्याने? त्या म्हणाल्या दुसरीला ऐकू जाणार नाही पण तुझ्या कानाला ऐकू येईल एवढं मोठ्याने.

आणि ते जुनंच आहे. आमच्या मठांचा नियम ज्यांनी घालून दिला त्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा ४८ वा अध्याय काढा. दुपारी विश्रांतीच्या वेळी ज्याला वाचायचंय त्याने दुसऱ्याला त्रास न होईल असं वाचावं असं लिहिलंय. म्हणजे वाचणं आवाजाचंच होतं, म्हणून तर सांगावं लागलं. मनन या शब्दाचंही तेच. पहिल्या स्तोत्रात नीतिमान माणूस रात्रंदिवस देवाच्या शब्दावर "मनन" करतो असं आपण वाचतो, तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या ३१ व्या अध्यायात सिंह शिकार धरून गुरगुरतो, त्यालाही तोच शब्द वापरलाय. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून माझं बसणंच बदललं.

त्यामुळे तुमच्या ब्रदरांचे ओठ हलत होते ते सवयीने नाही. तेच त्यांचं वाचन. गुरं रवंथ करतात तसं, आणि लॅटिनमध्ये त्याला खरोखर रवंथच म्हणायचे.

कंदील
मी थोडा विरोधात बोलणार आहे, समजून घ्या.

गेली बरीच वर्षं बायबल अभ्यासाचा वर्ग घेतो. एक शब्द धरून बसा, तो तुमच्याशी बोलेल, असं म्हटलं की माणसं त्या शब्दात स्वतःला हवं तेच ऐकतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ज्या उताऱ्याबद्दल धागा आहे तोच घ्या ना. मत्तय २० ची सोळा वचनं तेवढीच वाचली तर अर्धी गोष्ट हातातून जाते. मागचा अध्याय उघडा. श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून गेलाय आणि येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मजुरांची गोष्ट आली आहे. "शेवटचे पहिले" हे वाक्य १९ व्या अध्यायाच्या शेवटी येतं आणि गोष्ट संपताना परत येतं, दोन्हीकडून चौकट घातल्यासारखं. शिवाय दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी, त्या दिवशीची चूल पेटायची तर तेवढे लागायचेच. तासाभराचे पैसे घेऊन गेलेल्याच्या घरी त्या रात्री काय शिजलं असतं? हे माहीत नसेल तर मालक नुसता लहरी वाटतो.

पहाटवारा, तुमच्या वहीत काही चूक नव्हतं. मी तर म्हणतो अजून एक वही घ्या.

पहाटवारा
कंदील, बरं वाटलं वाचून :) पेत्राच्या प्रश्नाचा संबंध मला आजवर कोणी दाखवला नव्हता. सगळं सोडून आलेल्या माणसांच्या मठात ही गोष्ट वाचली जाते हे आत्ता डोक्यात आलं, आणि जरा गप्पच झालो.

रानजाई
कंदील, अर्धं नाही, तुमचं पाऊण मान्य. मठात अभ्यास नसतो असं कृपया कोणी समजू नका. नियमावलीच्या त्याच ४८ व्या अध्यायात उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यायचं आणि ते त्याने पहिल्या पानापासून सलग पूर्ण वाचायचं असं आहे, मधूनमधून चाळायचं नाही. एक-दोन वडीलधारे फेरी मारून बघायचे, कोणी पुस्तक सोडून गप्पा मारत बसलंय का. आमच्याकडे दुपारी वर्ग असायचे, टीकाग्रंथ असायचे, आणि मी तुमच्यासारख्याच एका सरांकडून ग्रीक शिकायला सुरुवात केली होती.

पण ते दुपारी. पहाटे टीकाग्रंथ बंद. दुपारी शिकलेलं पहाटे आपोआप येतंच की, ते बाहेर कुठे जाणार? फक्त ते वापरून शुभवर्तमानाला कोंडीत पकडायचं नाही. मला हे असं कळलं की अभ्यासात प्रश्न मी विचारते. पहाटे मी गप्प असते आणि प्रश्न तिकडून येतो.

तळटीप
दोघांच्या मधे पहिला ग्रेगरी पोप उभा आहे बघा. तो स्वतः मठवासी होता. पवित्र शास्त्र ही अशी नदी आहे की तिच्यात कोकराला पाय टेकवता येतो आणि हत्तीला पोहता येतं, असं त्याने लिहिलंय. आणि दुसरीकडे म्हणतो की शास्त्र वाचणाऱ्याबरोबर वाढत जातं. पाठ असलेलं परत का वाचायचं याचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं. गोष्ट तीच, पण वाचणारा दहा वर्षांनी मोठा झालेला असतो.

नांगर
सगळं वाचलं, फार सुंदर चाललंय, पण मला एक गोष्ट खुपते ती बोलू दे.

हे सगळं ज्यांना वाचता येत होतं त्यांचं. १२ व्या शतकातल्या सिस्टर्शियन मठांत शेतावर राबणारे कामकरी बंधू होते. त्यांनी पुस्तक बाळगायचं नाही असा नियम होता. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, नमो मरिया आणि एक पश्चात्तापाचं स्तोत्र एवढं तोंडपाठ करायचं, तेही ऐकून, लिहिलेल्यावरून नाही. इकडे गायनमंडळातले बंधू शिडीच्या चार पायऱ्या चढतायत आणि तिकडे नांगर धरणाऱ्याला अक्षरही नाही. द्राक्षमळ्याची गोष्ट वाचणाऱ्या मठातच दोन दर्जाचे मजूर. हे शतकानुशतकं चाललं, विसाव्या शतकात कुठे हा भेद मिटवला गेला.

उंबरठा
नांगर, बरोबर दुखरी नस धरलीत. आणि बायकांचं अजून एक. १५५९ मध्ये स्पेनमध्ये बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी निघाली, लोकभाषेतली कितीतरी भक्तिपर पुस्तकं एका झटक्यात गेली. लॅटिन न येणाऱ्या सिस्टरांकडे राहिलं काय? आविलाची तेरेसा लिहिते की मला फार वाईट वाटलं, तेव्हा प्रभू म्हणाला, दुःख करू नकोस, मी तुला जिवंत पुस्तक देईन.

तीनशे वर्षांनी लिझ्यूची छोटी तेरेझा, आविलाच्या तेरेसासारखीच तीही कार्मेलाइट संघातली सिस्टर. तिच्याजवळ संपूर्ण बायबल नव्हतं, जुन्या करारातले उतारे तिने बहिणीच्या वहीतून वाचले. पण चार शुभवर्तमानांचं छोटं पुस्तक ती छातीशी बाळगून असायची. प्रार्थनेत मला सगळ्यात जास्त आधार शुभवर्तमानाचा असं तिने लिहिलंय. मूळ भाषांतून वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकायला हवं होतं अशी तिची इच्छा होती. १८९७ मध्ये गेली, वय २४. मला ती छातीशी धरलेली पुस्तिका नेहमी दिसते, का कोण जाणे.

रानजाई
नांगर, तुमचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाहीच. फक्त एवढं जोडते की सुरुवात अशी नव्हती. ४ थ्या शतकात इजिप्तमध्ये पाखोमियसच्या मठात जो येईल त्याला, इच्छा असो नसो, वाचायला शिकवायचे आणि प्रत्येकाने निदान नवा करार आणि स्तोत्रं पाठ करावीत अशी अपेक्षा होती. वाट मधे चुकली.

आणि दुसरं, हे सगळं मुळात कानाचं आहे. बेनेडिक्टच्या नियमावलीचा पहिला शब्द "ऐक". ऐक बाळा, आणि हृदयाचा कान इकडे कर. वाच असं नाही म्हटलेलं.

तळटीप
कानाचं म्हणालात म्हणून. मठजीवनाची पहिली गोष्टच ऐकण्याची आहे. इजिप्तचा अंतोनी, आईवडील नुकतेच गेलेले, धाकटी बहीण पदरात, साधारण २७० च्या सुमाराला चर्चमध्ये शिरतो तेव्हा तिथे मत्तय १९ वाचलं जात होतं: जा, आपलं सगळं विक आणि गरिबांना दे. तो बाहेर पडला आणि शेतीवाडी देऊन टाकली, बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं. नंतर परत एकदा चर्चमध्ये गेला तर "उद्याची चिंता करू नका" कानावर पडलं, मग ते राखलेलंही दिलं आणि बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या हवाली केलं. अथनासियसने त्याच्या चरित्रात लिहिलंय हे.

एवढं मनन वगैरे काही नाही, एक वाक्य आणि घराबाहेर. इजिप्तच्या वाळवंटातला मठवासी इव्हाग्रियस, त्याने अजून एका बंधूची गोष्ट लिहून ठेवलीय. त्याच्याजवळ मालमत्ता म्हणून फक्त शुभवर्तमानाचं पुस्तक होतं, तेही त्याने विकलं आणि पैसे भुकेल्यांना दिले. म्हणाला, जो शब्द मला सांगत होता की सगळं विक आणि गरिबांना दे, तोच शब्द मी विकला.

ओसरी
तळटीप, ही गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

बरं, एक व्यावहारिक विचारू का? मला झोप येते. पहाटे पुस्तक घेऊन बसलो की दहाव्या मिनिटाला डोळे मिटतात. असं मठात होत नसेल ना कोणाला?

रानजाई
ओसरी, होतं! सगळ्यांना होतं. आमच्याकडे एक वयस्क सिस्टर उभं राहून वाचायच्या, त्याचं कारण तेच.

तळटीप
ओसरी, १६०० वर्षांपूर्वीचं वर्णन वाचा, पुन्हा इव्हाग्रियसच. आळसाने, खरं म्हणजे कंटाळ्याच्या भुताने धरलेला माणूस वाचायला बसला की जांभया देतो, डोळे चोळतो, हातपाय ताणतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे बघतो, परत थोडं वाचतो, किती पानं राहिली ते मोजतो, अक्षराला नावं ठेवतो, शेवटी पुस्तक मिटून डोक्याखाली घेतो आणि झोपतो. तीही गाढ झोप नाही, कारण भुकेने जाग येते. माणूस वाळवंटात बसून तुमच्याबद्दलच लिहितोय की नाही?

ओसरी
पानं मोजतो!! हे तर मी कालच केलं.

उंबरठा
वाळवंटावरून आठवलं, जेवतानासुद्धा वाचन असतं ना मठात? एका मैत्रिणीने सांगितलेलं.

रानजाई
हो, आठवड्याला एकीची पाळी. नियमावलीचा ३८ वा अध्याय. रविवारी वाचणारी सगळ्यांकडे प्रार्थना मागते, "प्रभू, माझे ओठ उघड", ती तीनदा म्हणायची. बाकी सगळे गप्प, काही हवं असेल तर खुणेने मागायचं. वाचणाऱ्याला आधी थोडं पाणी घातलेला द्राक्षारस द्यावा म्हणजे एवढा वेळ उपाशी वाचणं जड जाणार नाही, हेही बेनेडिक्टने लिहून ठेवलंय. माझ्या पाळीच्या पहिल्या दिवशी माझा आवाज एवढा कापत होता की समोरच्या सिस्टरने चमचा खाली ठेवला आणि मी स्थिर होईपर्यंत उचललाच नाही. त्या कधी बोलल्या नाहीत त्याबद्दल. मी आजही विसरले नाहीये.

आणि रात्री झोपायच्या आधी वाचनासाठी जुन्या करारातली पहिली सात पुस्तकं आणि राजांची पुस्तकं घेऊ नयेत, कोवळ्या मनाला त्या वेळी ती झेपणार नाहीत, दुसऱ्या वेळी वाचावीत असंही आहे. कोणत्या वेळी काय ऐकावं याचा एवढा विचार.

कंदील
हे मला माहीत नव्हतं, फारच समंजस माणूस.

अजून एक विचारतो, रोजचा उतारा मठवाले स्वतः निवडत नाहीत ना?

तळटीप
नाही, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं आहे. १९६९ च्या वाचनक्रमानुसार रविवारी तीन वर्षांचं चक्र, पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात. इतर दिवशी सामान्यकाळात (मोठ्या सणांचे काळ सोडून) दरवर्षी तेच: आधी मार्क, दहाव्या आठवड्यापासून मत्तय, बाविसाव्यापासून शेवटपर्यंत लूक. मजुरांची गोष्ट विसाव्या आठवड्याच्या बुधवारी दरवर्षी येतेच, शिवाय दर तीन वर्षांनी एका रविवारीही. ते ऐंशीचे ब्रदर साठ वर्षं मठात असतील तर हिशेब करा किती वेळा.

शिवाय रोज लूकातली गीतं असतात. सकाळी जखऱ्याचं, संध्याकाळी मरियेचं, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री झोपण्यापूर्वी म्हाताऱ्या शिमोनाचं "आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे". म्हणजे शुभवर्तमानाशिवाय एकही दिवस उगवत नाही आणि मावळत नाही.

उंबरठा
न निवडण्याचं खरंय. मी स्वतः निवडून वाचायचे तेव्हा वर्षभर हरवलेलं मेंढरू आणि उडाऊ पुत्र यापलीकडे गेलेच नाही. सोयीचं तेवढं. एकदा नेमाप्रमाणे वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी "शत्रूंवर प्रीती करा" समोर आलं. त्या आठवड्यात घरात वाटणीवरून भांडण चालू होतं. पुस्तक मिटलं मी. दोन दिवस उघडलं नाही. मग उघडलं.

नांगर
आणि वाचून पुढे काय? हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. शांत दिवा, बोट, ओठ, सगळं ठीक आहे. बाहेर जग जळतंय.

कंदील
नांगर, आश्चर्य वाटेल पण इथे मी मठवाल्यांच्या बाजूने बोलणार.

अल्जीरियातल्या ॲटलास डोंगरातला तिबिरीनचा ट्रॅपिस्ट मठ. आजूबाजूला सगळं मुस्लिम गाव. ब्रदर ल्यूक डॉक्टर होते, जो येईल त्याला तपासायचे. १९९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री हत्यारबंद टोळी मठात घुसली. प्रमुख क्रिस्तियान द शेर्जे त्यांना सामोरे गेले आणि सांगितलं की आज शांतीच्या राजपुत्राचा जन्मदिवस आहे, इथे शस्त्र घेऊन कोणी येत नाही. टोळी त्या रात्री निघून गेली, आणि हे लोक चर्चमध्ये जाऊन मध्यरात्रीच्या मिस्साला उभे राहिले. नंतर सगळ्यांनी एकत्र बसून, परत परत विचार करून, गाव सोडायचं नाही असं ठरवलं. १९९६ च्या मार्चमध्ये सात जणांना पळवून नेलं, आणि मग त्यांची हत्या झाल्याचं कळलं. ८ डिसेंबर २०१८ ला ओरान शहरात त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

त्या रात्री दाराशी कोण काय बोलेल याची तालीम झालेली नव्हती. ती तोंडातून आलेली भाषा वर्षानुवर्षांच्या पहाटेची होती असं मला वाटतं. मी अभ्यासाचा माणूस, पण हे अभ्यासातून येत नाही हे मला कबूल आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० च्या पत्रात स्पष्टच लिहिलंय की हे वाचन कृतीपर्यंत पोचेपर्यंत पूर्ण होत नाही.

नांगर
कंदील, धन्यवाद. डॉक्टर ब्रदरांबद्दल अजून वाचतो.

रानजाई
मला एक छोटीच गोष्ट सांगायचीय, तिबिरीनपुढे अगदीच लहान.

माझं काम धुलाईघरात होतं. चादरी दोघींनी धरून घडी घालायची, काठाला काठ जुळवून, न बोलता. त्या दिवशी पहाटे मार्काचा पाचवा अध्याय होता, बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते आणि तो वळून विचारतो, मला कोण शिवलं? पहाटे मी त्यावर पूर्ण वेळ बसले आणि काही म्हणजे काही झालं नाही. कोरडं. उठताना स्वतःवर चिडले.

दहा वाजता चादरीचा काठ बोटांत होता, समोरच्या सिस्टरने ओढून ताठ केला, आणि काठ हाताला घासला तसं एकदम ते वाक्य आलं. मला कोण शिवलं? माझ्या हातात थांबलीच चादर. बारा वर्षं तिला कोणी शिवलं नसणार, नियमानेच ती अशुद्ध. आणि तो तिच्यासाठी थांबतो तेव्हा त्याला घाई आहे, एका बापाची मुलगी मरतेय. मी मठात येऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि आईला एक पत्र लिहायचं टाळत होते, आमचं फार बिनसलेलं. त्या रात्री लिहिलं.

सांगायचं एवढंच की पहाटेच्या तासात काही झालं नाही म्हणजे तो वाया गेला असं नसतं. पहाटवारा, तुमचा तो दिव्याकडे बघण्याचा तास धरून.

कंदील
रानजाई, डोळ्यांत पाणी आलं. सवयीने एक सांगतो, रागावू नका. मार्कात फक्त वस्त्र आहे. काठ, गोंडा, हे मत्तय आणि लूक सांगतात.

रानजाई
नाही रागावत, उलट बरं केलंत. म्हणजे तो काठ त्या दिवशी मला धुलाईघरातून मिळाला होता. आज उघडून बघते तिन्ही.

पहाटवारा
मंडळी, दहा दिवस लिहिलं नाही कारण सांगितलेलं करून बघत होतो. वही कपाटात. मत्तय २०, तीच सोळा वचनं, रोज पहाटे अर्धा तास, कानाला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

पहिले चार दिवस काही नाही. ओसरींसारखी झोप. पाचव्या दिवशी जीभ एका ठिकाणी अडखळली, "बाहेर गेला". परत वाचलं. मालक पहाटे बाहेर गेला. तिसऱ्या तासाला (म्हणजे सकाळी नऊला) बाहेर गेला. सहाव्या आणि नवव्या तासाला पुन्हा बाहेर गेला. अकराव्या तासाला पुन्हा. पाच वेळा! माझ्या वहीत मजुरी होती, मत्सर होता, उदारता होती, पण हा माणूस दिवसभर बाजारात खेटे घालतोय हे एका शब्दाने नव्हतं. त्याच्याकडे कारभारी आहे, संध्याकाळी मजुरी वाटायला तोच येतो. तरी शोधायला मालक स्वतः जातो.

आणि मग सहाव्या दिवशी लक्षात आलं. तिसरा तास, सहावा तास, नववा तास. मठातल्या दिवसाच्या प्रार्थना याच तासांच्या ना? हातातलं काम टाकून सगळे चर्चमध्ये जायचे ते याच घंटांना. मी आठ दिवस त्या घंटा ऐकल्या आणि मला वाटत होतं की आपण देवाकडे जायची ती वेळ.

आता सकाळी कामावर असतो, नऊच्या सुमाराला आठवण होते की तो बाहेर पडला असेल.

"तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे?" "आम्हाला कोणी कामाला लावलं नाही म्हणून." या दोन वाक्यांशी मी गेले चार दिवस आहे, पुढे सरकलेलो नाही. वडील निवृत्तीनंतर जसे गॅलरीत उभे राहायचे तसे ते अकराव्या तासाचे लोक दिसतात. त्यावर आत्ता जास्त लिहीत नाही.

तळटीप
पहाटवारा, काय सुंदर. ग्रेगरीनेही आपल्या प्रवचनात हे तास माणसाच्या वयाला लावलेत, पहाट म्हणजे बालपण आणि अकरावा तास म्हणजे म्हातारपण. तुम्ही वडिलांपर्यंत त्याच्या मदतीशिवाय पोचलात.

कंदील
कारभाऱ्याचा मुद्दा माझ्या वर्गात इतक्या वर्षांत कोणी काढला नाही, मीही नाही. पुढच्या वेळी विचारणार आहे. वही घेऊनच, पण विचारणार.

रानजाई
पहाटवारा, त्या म्हाताऱ्या ब्रदरांशी बोलणं झालं का कधी?

पहाटवारा
निघायच्या दिवशी, दारात. मी विचारलं की तुम्ही पान का उलटत नाही. त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा विचारावं लागलं. म्हणाले, "अजून कालचंच चाललंय."

ओसरी
मी उद्यापासून मार्काचा पहिला अध्याय घेतोय. उभं राहून.

उंबरठा
ओसरी, मीही. पहिली आठ वचनंच घेऊ, रविवारी इथेच लिहू काय झालं ते.